रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी, १८८२ – १४ ऑक्टोबर, १९५३) हे मराठी विचारवंत, गणिताचे प्राध्यापक, लेखक, संपादक आणि भारतातील संततिनियमन व लैंगिक शिक्षण या चळवळींचे आद्य प्रवर्तक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२७ ते १९५३ या काळात त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. शरीर, कामजीवन, गर्भधारणा आणि गुप्तरोग यांविषयीचे ज्ञान स्त्रीपुरुषांना सारख्याच मोकळेपणाने मिळाले पाहिजे, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर मांडली. या भूमिकेपायी त्यांना नोकरी गमवावी लागली, न्यायालयात दंड भरावा लागला आणि मोठ्या आर्थिक ओढगस्तीत दिवस काढावे लागले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत.

बालपण आणि कुटुंब

रघुनाथरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, कर्वे घराण्याच्या मुरूड या गावी झाला. आईचे नाव राधाबाई. १८९१ साली बाळंतपणात राधाबाईंचा मृत्यू झाला. त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपणातील मृत्यू घरोघरी घडत आणि दैवाचा भाग म्हणून स्वीकारले जात. पुढे ज्या प्रश्नाला रघुनाथरावांनी वाहून घेतले, त्याची झळ त्यांना लहानपणी स्वतःच्या घरातच लागली होती.

त्याच सुमारास धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई कर्वे या नावाने, आणि पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. रूढीविरुद्ध वागणाऱ्या माणसाशी समाज कसा वागतो, हे रघुनाथरावांनी वयाच्या अकराव्या वर्षी पाहिले. १८९६ साली वडिलांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे हिंगणे येथे त्या कार्याचा विस्तार झाला आणि १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना झाली.

वडील आणि मुलगा या दोघांचेही कार्य स्त्रीच्या हिताचे होते. मात्र वडिलांच्या कार्याला हळूहळू मान्यता मिळत गेली, तर मुलाच्या कार्याची अखेरपर्यंत बहुधा उपेक्षाच झाली. स्त्रीने शिकावे हे समाज कसेबसे ऐकून घेत होता. स्वतःच्या शरीरावर तिचा अधिकार आहे, मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही हे तिने ठरवावे, हे मात्र ऐकण्याची त्याची तयारी नव्हती.

शिक्षण आणि अध्यापन

रघुनाथरावांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ सालच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी बी.ए. ही पदवी मिळवली. गणित हा त्यांचा विषय होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केले. पहिल्या महायुद्धानंतर ते गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि तेथील पदविका घेऊन परतले.

फ्रान्समधील वास्तव्याने त्यांच्या विचारांना निश्चित दिशा दिली. फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवले. फ्रेंच साहित्याची भाषांतरेही त्यांनी पुढे केली. युरोपात लैंगिक विषयांवर होत असलेले शास्त्रीय संशोधन त्यांनी बारकाईने वाचले. गणिताच्या अभ्यासाने लावलेली शिस्त त्यांच्या लेखनात सर्वत्र दिसते. गृहीतक कोणते, पुरावा कोणता आणि त्यांतून निष्कर्ष निघतो की नाही, एवढेच ते पाहत. धर्मवचन किंवा परंपरा यांचा आधार त्यांना पुरेसा वाटत नसे.

संततिनियमनाचे कार्य

१९२१ साली कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते. त्यापूर्वी १९१६ साली मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काढलेले केंद्र पोलिसांनी अल्पावधीतच बंद पाडले होते. इंग्लंडमध्ये १८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल खटला झाला होता. जगात इतरत्रही हा विषय वादग्रस्त असताना, त्याच काळात कर्वे यांनी तो मराठी समाजापुढे आणला.

केंद्रात गर्भनिरोधक साधनांची माहिती आणि सल्ला दिला जाई. १९२३ साली त्यांनी संततिनियमनावरील आपले मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. सततच्या बाळंतपणांनी स्त्रीच्या शरीराची होणारी हानी, बालमृत्यू आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती यांचा परस्परसंबंध त्यांनी उलगडून दाखवला. लोकसंख्येची वाढ रोखणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. गर्भधारणेची भीती दूर झाल्याखेरीज स्त्रीला कामसुखाचा समान हक्क उपभोगता येणार नाही, असे ते मानत. त्यांचा हा विचार त्या काळातील इतर पुरस्कर्त्यांच्याही पुढे जाणारा होता.

प्राध्यापकपदाचा राजीनामा

या काळात कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेले होते. प्राध्यापकाने संततिनियमनाचा जाहीर प्रचार करणे संस्थाचालकांना रुचले नाही. प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पेच उभा राहिला. १९२५ साली कर्वे यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी संपूर्ण आयुष्य याच कार्याला दिले. नियमित पगार थांबला आणि घरखर्चाची विवंचना कायमची मागे लागली.

वर्गातून बाहेर पडावे लागलेल्या या शिक्षकाने पुढील अठ्ठावीस वर्षे वर्गाबाहेर राहून शिकवण्याचे काम केले. त्यासाठी त्यांनी निवडलेले साधन म्हणजे मासिक.

'समाजस्वास्थ्य' मासिक

'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक १५ जुलै १९२७ रोजी निघाला. शारीरिक व मानसिक आरोग्याविषयी, त्यातही विशेषतः लैंगिक आरोग्याविषयी माहिती देणे, हा मासिकाचा उद्देश होता. लेखन, संपादन, मुद्रितशोधन आणि पत्रव्यवहार ही कामे प्रामुख्याने कर्वे स्वतःच करीत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापले जाई. मानवी देह ही लज्जास्पद वस्तू नाही, हा विचार त्यामागे होता. अनेकांना मात्र ते चित्र धक्कादायक वाटे आणि अंक घरात उघडपणे ठेवणे त्यांना कठीण जाई.

संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, नग्नता, आहार, बुद्धिप्रामाण्य आणि ग्रंथपरीक्षण अशा विविध विषयांवरील मजकूर मासिकात येत असे. 'शारदेची पत्रे' या सदरात समकालीन घटनांचा उपरोधिक समाचार घेतला जाई. शकुंतला परांजपे यांनीही मासिकात लेखन केले. त्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या होत. संततिनियमनाच्या प्रचारकार्यात त्यांनी पुढे स्वतंत्रपणे अनेक वर्षे काम केले आणि राज्यसभेतही हा विषय मांडला. नाटककार मामा वरेरकर हे कर्वे यांच्या जवळच्या स्नेह्यांपैकी एक होते.

वाचकांचे प्रश्न

'समाजस्वास्थ्य'मधील वाचकांच्या पत्रव्यवहाराला आज सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून विशेष महत्त्व आहे. ज्या शंका आईवडिलांना, शिक्षकांना किंवा घरच्या वैद्याला विचारता येत नसत, त्या वाचक कर्वे यांना पत्राने कळवत. त्यांतील पुष्कळ पत्रे तरुण पुरुषांची असत. हस्तमैथुनाने शक्तिपात होतो, वीर्यनाशाने आयुष्य घटते, अशा समजुतींनी ते भयग्रस्त झालेले असत. ब्रह्मचर्याचा गौरव करणारी पुस्तके आणि धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती या भीतीत भरच घालत.

कर्वे यांची उत्तरे सहसा थोडक्यात असत. ते प्रश्नकर्त्याला उपदेश करत नसत किंवा दोषही देत नसत. हस्तमैथुन अपायकारक नाही, त्याची भीतीच अधिक अपाय करते, असे ते सांगत. समलिंगी आकर्षणाविषयी विचारणा झाली, तरी पाप किंवा अधःपतन अशी भाषा न वापरता तत्कालीन शास्त्रीय माहितीच्या आधारे ते उत्तर देत. समलिंगी संबंध भारतीय दंडसंहितेनुसार त्या काळी गुन्हा होते आणि मराठीत या विषयावर आदराने बोलण्याची भाषाच घडलेली नव्हती, हे लक्षात घेता या उत्तरांचे मोल कळते. प्रश्न विचारणाऱ्याला आपण एकटे नाही आणि आपण विकृतही नाही, एवढे समजणे हीच अनेकदा त्याची गरज असे.

मुलामुलींना योग्य वयात शरीराची खरी माहिती दिली पाहिजे, असे कर्वे यांचे मत होते. माहिती लपवल्याने मुले अज्ञानी राहतात, निष्पाप राहतात असे नाही, आणि अज्ञानाची जागा भीती व चुकीच्या कल्पना घेतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. लैंगिक ज्ञानाने अनीती वाढेल, या आक्षेपाला त्यांनी वारंवार उत्तर दिले.

न्यायालयीन खटले

'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले. त्या काळी अश्लीलता ठरवण्यासाठी इंग्लंडमधील १८६८ सालच्या हिकलिन खटल्यातील कसोटी वापरली जाई. ज्यांची मने वाईट प्रभावाला सहज बळी पडू शकतात अशांच्या हाती ते लेखन पडले, तर ती बिघडतील काय, हा त्या कसोटीचा आधार होता. लेखनाचा हेतू शास्त्रीय असला, तरी या कसोटीपुढे बचाव करणे अवघड जाई.

पहिला खटला १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून झाला. त्यात कर्वे यांना १०० रुपये दंड झाला आणि त्यांचे उच्च न्यायालयातील अपील फेटाळले गेले.

दुसरा खटला १९३४ साली झाला. मासिकाच्या गुजराती अंकातील वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. लोकांच्या मनात शंका असतील, तर त्यांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. समलिंगी संबंधांविषयीच्या उत्तरांचे समर्थन करताना त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या लेखनाचा आधार घेतला. न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला नाही आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

दलितांच्या हक्कांचा लढा आणि लैंगिक ज्ञानाचा हक्क या दोन गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात. मात्र कोणते ज्ञान कोणाला मिळावे हे परंपरेने ठरवायचे नाही, हे सूत्र दोन्हींत समान आहे. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला होता. तो संमत झाला नाही.

समकालीन विचारप्रवाह

संततिनियमनाच्या आवश्यकतेविषयी त्या काळातील नेत्यांत दोन मते होती. महात्मा गांधींना कुटुंब लहान असावे हे मान्य होते. मात्र त्यासाठी कृत्रिम साधनांपेक्षा आत्मसंयमाचा मार्ग त्यांना योग्य वाटे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे गांधीजींची भेट घेऊन या विषयावर चर्चा केली, परंतु दोघांचे एकमत झाले नाही. कर्वे यांना ब्रह्मचर्याचा आदर्श सर्वसामान्य माणसासाठी अव्यवहार्य आणि अनावश्यकही वाटे. गांधीजींच्या मतांवर त्यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून टीका केली.

इतरत्र परिस्थिती हळूहळू बदलत होती. म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली. मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ साली 'मॅरेज हायजिन' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. ते प्रामुख्याने तज्ज्ञांसाठी होते. कर्वे मात्र मराठीत आणि सामान्य वाचकासाठी लिहीत होते. त्यांच्या कार्याचे वेगळेपण यात आहे, आणि त्यांच्यावर झालेल्या कारवाईचे एक कारणही यात असावे.

मालतीबाई कर्वे

कर्वे यांच्या कार्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांचा वाटा मोठा होता. अपत्य होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी विचारपूर्वक घेतला होता. विवाहित स्त्रीचे मोल तिच्या मातृत्वावरून ठरवणाऱ्या समाजात या निर्णयाचा अधिक भार मालतीबाईंनाच सोसावा लागला. तुटपुंज्या उत्पन्नात त्यांनी संसार चालवला आणि केंद्राच्या कामातही साथ दिली. १९४४ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर कर्वे यांनी एकट्याने मासिक चालू ठेवले.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजनाला अधिकृत स्थान मिळू लागले. १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी मुंबईत या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कर्वे यांनी ज्या शहरात एकतीस वर्षांपूर्वी केंद्र उघडले होते, तेथेच हे घडले. शासनाने संततिनियमन स्वीकारले, पण लैंगिक शिक्षणाचा आणि स्त्रीच्या कामस्वातंत्र्याचा त्यांचा आग्रह बाजूलाच राहिला.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वडील हयात होते. 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला आणि सव्वीस वर्षे चाललेले हे मासिक बंद पडले.

ग्रंथसंपदा

• संततिनियमन : आचार आणि विचार (१९२३)
• गुप्तरोगांपासून बचाव
• आधुनिक कामशास्त्र (१९३४)
• आधुनिक आहारशास्त्र (१९३८)
• वेश्याव्यवसाय (१९४०)

मूल्यमापन

कर्वे यांच्या कार्याला काही मर्यादा होत्या. त्यांचा पत्रव्यवहार मुख्यतः सुशिक्षित, शहरी व मध्यमवर्गीय पुरुषांशी झाला. स्त्रियांच्या बाजूने त्यांनी सातत्याने लिहिले, तरी निरक्षर व कष्टकरी स्त्रियांपर्यंत छापील मासिक पोहोचणे शक्य नव्हते. तृतीयपंथीयांच्या हक्कांची आजची परिभाषा त्यांच्या काळात तयार झालेली नव्हती. त्यांची तर्ककठोर व उपरोधिक शैलीही काही वाचकांना दुरावणारी होती. असे असले, तरी प्रश्न विचारणारा कोण आहे यावरून उत्तराची प्रतवारी न ठरवण्याचा त्यांचा दंडक आजच्या सर्वसमावेशक लैंगिक शिक्षणाशी जुळणारा आहे.

वारसा

य. दि. फडके यांनी कर्वे यांचे चरित्र लिहिले आहे, तर डॉ. अनंत देशमुख यांनी त्यांच्या साहित्याचे संपादन केले आहे. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहे. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली आहे. प्रा. अजित दळवी यांनी लिहिलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले.

कर्वे यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यांच्या राज्यात अजून सुटलेला नाही. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमाला विरोध झाला, तेव्हा तो थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्या वेळचे आक्षेप 'समाजस्वास्थ्य'वर घेतलेल्या आक्षेपांहून फारसे निराळे नव्हते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेल्याचे उघड झाले. त्यामागे मजुरी बुडण्याची धास्ती होती, तशीच कर्करोगाची घातलेली भीतीही होती. स्वतःच्या शरीराची माहिती नसलेली स्त्री अशा भीतीपुढे किती असहाय ठरते, हे त्यातून दिसले.

कायद्याच्या क्षेत्रात मात्र मोठे बदल झाले. २०१२ साली बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०१९ सालच्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यानुसार, शासनमान्य व अनुदानित शिक्षणसंस्थांनी त्यांना भेदभावाविना सर्वसमावेशक शिक्षण देणे बंधनकारक आहे. २०२१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तृतीयपंथी मुलांविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका मात्र आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून हटवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज अधोरेखित केली. लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना आहे आणि त्याने मुले बिघडतात, हे समज न्यायालयाने चुकीचे ठरवले. याच समजांविरुद्ध कर्वे यांनी मराठीतून सव्वीस वर्षे लेखन केले होते.